महादेवी अक्काची दहावी चिप

महादेवी बिराजदार यांच्यावर अन्याय झाला. कधी झाला तेही सांगतो, कारण 'मागे एकदा' असं लिहिलं की अन्याय करणाऱ्यांना पळायला वाट मिळते. गेल्या दुष्काळात आमच्या भागातल्या दूध संघानं चालवलेला चारा डेपो ज्या सोमवारी बंद झाला, त्याच सोमवारी, दुपारची जेवणाची सुट्टी संपायच्या आत, तिला संघाच्या कॉम्प्युटरच्या खोलीतून उठवलं आणि दुधाचं फॅट तपासायच्या टेबलावर नेऊन बसवलं. लेखी कारण कुणी दिलं नाही. तोंडी दिलं ते असं, की बाईनं परवानगीशिवाय मशीन उघडलं. हे खरं आहे. तिनं उघडलं होतं. का उघडलं, हे मात्र संघात आजवर कुणी विचारलं नाही, आणि आता विचारलं तरी उत्तर द्यायला ती नाही.

ती गेल्याचं मला तेरच्या बाजारात कळलं. मी टँकरच्या पाण्याबद्दलची पत्रकं वाटत उभा होतो. धाराशिवहून आलेल्या एसटीच्या कंडक्टरनं दारातूनच हाक मारली, "मिलिंद, ओ मिलिंद... नळदुर्गची तुमची अक्का गेली म्हणं की." समोरच्या माणसानं पत्रकासाठी हात पुढं केला होता. मी त्याच्या हातात अख्खा गठ्ठा ठेवला आणि त्याच गाडीत चढलो. पुढच्या फाट्यावर लक्षात आलं की गाडी लातूरकडं निघालीय. कंडक्टरनं घंटी वाजवली, मला उतरवलं आणि तिकिटाचं नावही काढलं नाही. मी नळदुर्गला पोचेपर्यंत सगळं उरकलं होतं. हायवेवरच्या त्यांच्या चहाच्या हॉटेलात भट्टी थंड होती आणि तिचे वडील एका बाकावर, गिऱ्हाईक बसतं तिथं, गिऱ्हाइकासारखे बसले होते.

लहानपणापासून तिच्या हृदयाच्या झडपेचं दुखणं होतं. फॅटच्या टेबलावर दिवसभर ॲसिडच्या बाटल्यांत वाकून बसायचं, त्या वासानं ती गेली असं पत्रकात लिहायला माझा हात शिवशिवतोय. लिहिणार नाही. डॉक्टर काय म्हणाले ते मी स्वतः ऐकलंय, आणि दहा खऱ्या ओळींत एक खोटी घातली की दहाच्या दहा नासतात, हे मला अक्कानंच शिकवलं. समोर मी तिला 'तुम्ही' म्हणायचो. इथं 'ती' लिहितोय, कारण मनात ती कायम 'ती'च होती.

घर लिंगायतांचं, चुलीजवळ कानडी, शाळेत मराठी, आणि वडलांच्या हॉटेलात थांबणाऱ्या हैदराबादच्या ट्रकवाल्यांकडून उचललेली दख्खनी. सोलापूरच्या तंत्रनिकेतनात इलेक्ट्रॉनिक्सच्या वर्गात ती एकटी मुलगी होती, आणि हे ती कुणालाही, ओळख झाल्या झाल्या सांगायची. साधेपणा हा गुण तिच्याकडं नव्हता. अंगावर सळसळणारं नायलॉनचं पातळ, मानेवर पावडर, केसांत आबोली. "माझ्यासारखी बाई ह्या जिल्ह्यात दुसरी असंल तर आणून दाखव," असं ती संचालकांच्या तोंडावर म्हणायची आणि वर हसायची. लग्नाचं कुणी काढलं की म्हणायची, "बघितले की चार-सहा. एकाचा बी नंबर जुळला न्हाय." संघानं कॉम्प्युटर घेतला तेव्हा तो चालवायला येणारी बाईच आहे म्हटल्यावर संचालक मंडळाला घाम फुटला होता. पण एवढ्या लांब, आमच्या ईट गावाच्या बाजूला, दुसरं कुणी यायला तयार नव्हतं.

त्या मशीनचा थाट काय वर्णावा! संघात पंखा नसलेली माणसं होती, मशीनला कूलर होता. खोलीत चपला घालून जायचं नाही. दसऱ्याला पडद्यावर हळदकुंकू आणि आपट्याची पानं. अध्यक्षांनी नारळ फोडला तेव्हा पाणी आत जाऊ नये म्हणून अक्का मशीनसमोर हात पसरून उभी राहिली, असं लोक अजून सांगतात. मात्र घेताना संघानं स्वस्तातलं घेतलं. पोटात मेमरी अर्धीच. मेमरी म्हणजे मशीनला एका वेळी जेवढं समोर मांडून काम करता येतं तेवढी जागा. आतल्या पाटीवर चिपांसाठी दोन ओळी होत्या, एक भरलेली आणि एक रिकामी. दुधाच्या हिशेबाला तेवढं पुरत होतं.

मग तो दुष्काळ आला. जित्राबं हाडांवर आली. संघाच्या आवारात चारा डेपो सुरू झाला, पश्चिमेकडून कडब्याचे आणि उसाच्या वाढ्याचे ट्रक यायला लागले, आणि ठरलं की छापील यादीत नाव असेल त्यालाच चारा. पहिल्या वाटपाला आमच्या वस्तीतली बाया-माणसं पहाटेपासून रांगेत उभी होती. आमची वस्ती म्हणजे गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्यापलीकडं राहणारी बौद्धांची घरं. यादी वाचून संपली. आमच्यातलं एकही नाव आलं नाही. माझी आत्या सोजरबाई, तिची एकच म्हैस, तीही गाभण. ती सचिवांसमोर जाऊन उभी राहिली. सचिव म्हणाले, "बाई, कॉम्प्युटरनं तुमची नावं घेतली नाहीत. आम्ही काय करणार?"

आत्या म्हणाली, "का ओ? मी त्याला काय वाईट बोलले व्हते का?"

लोक हसले. मला हसू आलं नाही. मी तिथंच, ओसरीच्या कट्ट्यावर बसून पत्रकाचा मजकूर लिहून काढला आणि तो घेऊन थेट कॉम्प्युटरच्या खोलीत शिरलो... चपला घालून. अक्का डबा खात होती. ज्वारीची कडक भाकरी, शेंगाचटणी. तिनं आधी माझ्या पायांकडं बघितलं, मग हातातल्या कागदाकडं.

"वाच," ती म्हणाली.

मी वाचला. 'जातीयवादी संचालकांनी जाणूनबुजून नावं कापली' या ओळीवर तिनं घास हातातच थांबवला.

"ही वळ खोड."

"का खोडू? खोटंय का?"

"कापली न्हाईत. बसली न्हाईत. मशीनची जागा संपली. म्या सचिवाला त्याच वक्ताला सांगितलं, खालची नावं ऱ्हायली. त्यो म्हणाला, हातानं लिहून जोडू. जोडली न्हाईत."

"मग तुम्हीच सांगा अक्का, नेमकी आमचीच कशी बसली नाहीत?"

"शेवटची ऱ्हायली."

"आणि शेवटी कोण असतं?"

तिनं हातातला घास परत ठेवला. डबा झाकला.  आमच्याकडं गावाची कुठलीही यादी घ्या, पटपडताळणीची घ्या नाहीतर देवीच्या वर्गणीची, ती वेशीपासून सुरू होते. आधी वेशीजवळची मोठी घरं, मग गल्ल्या, मग वाड्या, मग तांडा, आणि सगळ्यात खाली आम्ही. हे कुणी ठरवलेलं नाही. हात तसाच चालतो. अक्कासमोर आलेल्या कागदावरही नावं त्याच क्रमानं होती आणि तिनं ती त्याच क्रमानं मशीनमध्ये घातली होती. इतकं सगळं शिकलेल्या बाईला यात काही खटकलं नव्हतं, कारण ते कुणालाच खटकत नाही.

डब्याच्या झाकणावर बोट आपटत ती बोलली. "पंगतीसारखं झालं बघ. वाढपी वरनं वाढत आला, तुमच्या पंगतीपाशी बुट्टी रिकामी." मग माझ्या हातातला कागद तिनं ओढून घेतला, ती ओळ खोडली आणि स्वतःच्या अक्षरात लिहिलं : 'मशीनमध्ये जागा कमी होती. कुणाला शेवटी ठेवायचं हे मशीननं ठरवलेलं नाही.' मी आजवर काढलेल्या पत्रकांतली सगळ्यात जहाल ओळ ती आहे, आणि ती माझी नाही.

मी म्हटलं, मग दोन याद्या करा की. अर्धी नावं एकीत, अर्धी दुसरीत. एवढं तर त्या मशीनला जमेल.

"जमंल. अन दुसरी यादी कुणाची व्हईल?" तिनं विचारलं. "ती 'त्यांची यादी' व्हईल, मिलिंद. दुसरी यादी, दुसरी रांग, अन ट्रकच्या तळाला उरलेला भुगा. न्हाय. यादी एकच पायजे. जागा वाढवू."

सचिवांचं म्हणणं, पुण्याहून कंपनीचा माणूस येईल, मंडळाच्या बैठकीत विषय घेऊ. बैठक कधी, तर अध्यक्षांना सवड होईल तेव्हा. पोटात वासरू असलेल्या म्हशीनं तोवर काय खायचं, संचालकांचे ठराव? अक्कानं आणखी वाद घातला नाही. पुढच्या वाटपाच्या आत नव्या चिपा आणायच्या, एवढंच ती म्हणाली. वस्तीनं वर्गणी काढली आणि आम्ही दोघं हैदराबादला निघालो.

वाटेत नळदुर्गला उतरून तिच्या घरी जेवलो. वडील मला म्हणाले, "ऊटा आतेनप्पा?" मला कानडी येत नाही. अक्का म्हणाली, "जेवला का, इचारतेत. हो म्हणू नको, पुन्यांदा वाढतील." मी नेमकं 'हो' म्हटलं आणि त्यांनी पुन्हा वाढलं. पुढं हैदराबादच्या गाडीत, उमरगा मागं पडल्यावर, तिनं मला बहात्तर सालच्या दुष्काळातलं सांगितलं. ती शाळकरी पोर होती. हायवेला खडी फोडायच्या कामावरच्या मुलांना सुकडी वाटायचे. मुकादम वडलांच्या हॉटेलात चहाला यायचा, म्हणून ही रांगेत सगळ्यात पुढं. रांगेच्या शेवटी एक मुलगी ताट घेऊन उभी असायची. पातेलं रोज तिच्या आधी संपायचं. "तिसऱ्या का चौथ्या दिवशी तिनं काय केलं ठावं हाय? ताट पालथं घातलं अन त्याच्यावर बसली. रडली न्हाय, काय न्हाय. निस्ती बसली... म्या घास गिळत तिच्याकडं बघत व्हते." मग ती खिडकीबाहेर बघत राहिली.  

हैदराबादचं ते दुकान म्हणजे एक बोळ होता, दोन्ही बाजूंनी रेडिओ-टीव्हीच्या हाडांनी भरलेला. अक्कानं येतानाच मला सगळं समजावलं होतं. चिपा नऊ लागतात, आणि नऊच्या नऊ एका मापाच्या लागतात. जागा सगळ्यांची सारखी, आणि वेगही सारखा. वेग पाठीवरच्या नंबरच्या शेवटी छापलेला असतो. आपल्या मशीनला पंधरा पाहिजे, बारा असली तर ती जास्त चपळ, तीही चालेल, पण वीसची म्हणजे मंद. ती चालायची नाही. "काळ्या रानात आठ बैलांचा नांगर बघितलास का कधी? माझ्या आज्याकडं व्हता. आठात एक मंद निघाला की बाकीचे सात बी अडतेत."

"आणि नववी चिप?"

"नववी काम करत न्हाय. आठांवर नजर ठेवती. कुणी चुकलं की मशीन जागच्या जागी थांबिवती अन वरडती. तुझ्यावानी. काम काडीचं न्हाय, निस्तं चुकलं की पत्रक."

दुकानदारानं एका डब्यातून मूठभर चिपा काचेवर ओतल्या, जसे फुटाणे ओतावेत. तिनं पिशवीतून भिंग काढलं आणि एकेक उचलून बघायला लागली. सात चिपा बाजूला काढल्या. आणखी जुळेनात. त्यानं स्वतःच दोन उचलून त्या सातांत सरकवल्या.

"ये लेव बाजी, हो गए नौ. सब एकीच है."

"एकीच नहीं है. ये बीस है."

"अरे पीछे का नंबर कौन देखता जी?"

"मशीन देखती."

"मशीन को आँखां हैं क्या?"

"नौवीं तो आँखीच है," अक्का म्हणाली. तो काही समजला नाही, पण हसला. हसता हसता त्यानं आतून दुसरा डबा आणला. त्यातली एक तिनं उलटी केली आणि माझ्यासमोर धरली. "हे बघ, पायाला जुनं कथील. दुसऱ्याच्या घरातनं उपटून आणलंय." एकीचा नंबर तिला फार ठळक वाटला. थुंकी लावून पदरानं घासला, तर पंधराचा आकडा पदरावर उमटला आणि खालून मूळचा वीस वर आला. दुकानदार कपाळाला हात लावून म्हणाला, "या अल्ला, ये औरत है के कस्टम?" त्यानंतर मात्र त्यानं सरळ आपल्या बापाच्या वेळच्या कपाटाचं कुलूप काढलं, आणि काळ्या फोममध्ये टोचलेल्या, एका कंपनीच्या, एका वेगाच्या चिपांची पट्टी तिच्यासमोर ठेवली. ती दुपारभर तिथं एका पायावर उभी होती. पट्टी बघितल्यावर स्टूल ओढून बसली आणि पहिल्यांदा पाणी मागितलं. नऊ पाहिजे होत्या, तिनं दहा घेतल्या.

"दहावी कशाला?" मी विचारलं.

"ह्यातली एखादी उद्या गेली तर हिच्या जोडीची कुठं हुडकत बसशील?"

संघाला सुट्टी होती त्या दिवशी दुपारी आम्ही मशीन उघडलं. अक्का आली तेव्हा मी तिला ओळखलंच नाही. पावडर नाही, आबोली नाही, अंगावर आईचं जुनं सुती इरकल. दुष्काळानं हवा इतकी कोरडी झाली होती की नायलॉनच्या पातळातून ठिणग्या चटचट उडायच्या. माणसाला ती ठिणगी गुदगुली, चिपेला मरण. "ह्या मशीनपायी मला आज म्हातारी दिसायला लागतंय, हे बी लिही पत्रकात," ती म्हणाली. तिला पायाखाली ओलं गोणपाट पाहिजे होतं. पाणी संघाच्या टाकीत नव्हतं. सोजरआत्या टँकरच्या पाण्यातला तांब्या घेऊन आली आणि गोणपाटावर ओतताना तिचा हात अडला.

"बाई, ह्या पेटीला बी पाणी पाजायचं का?"

"पाजल्याबिगर तुमच्या म्हशीचं नाव कसं बोलंल, आत्या?"

आत्यानं ओतलं. अक्का ओल्या गोणपाटावर उघड्या पायांनी उभी राहिली, मशीनच्या लोखंडाला एकदा हात लावला आणि रिकाम्या ओळीत चिपा बसवायला लागली. प्रत्येक चिपेच्या एका टोकाला अर्धा चंद्र कोरलेला असतो, तो सगळ्यांचा एकाच बाजूला यावा लागतो, उलटी बसली तर जळते. पाय वाकू नयेत म्हणून ती आधी प्रत्येकीचे पाय टेबलावर हळूच दाबून सरळ करायची, आई लेकराची बोटं सरळ करते तशी. शेवटी पाटीवरचे दोन बारके खटके फिरवले, मशीनला सांगायला, की आता तुझी जागा वाढलीय. मग बटण दाबलं. पडद्यावर आकडे चढायला लागले. नेहमी जिथं थांबायचे तिथं आले... आणि थांबले नाहीत. आत्याला आकडे वाचता येत नाहीत, पण ती अक्काच्या तोंडाकडं बघत होती. ती म्हणाली, "झालं वाटतं."

खरी गोष्ट त्यानंतरची आहे. अक्कानं जुनी यादी पुसली आणि पहिल्या ओळीत नाव घातलं : सोजरबाई. मग आमची वस्ती, मग तांडा, मग वाड्या. ओढ्यापासून ती वर चढत गेली.

मी म्हटलं, "अक्का, आता तर सगळेच बसतात. मग खालून कशाला? उगीच वाद."

"आत्ता बसतेत. उद्या आणखी नावं आली अन परत जागा संपली तर? तवा येशीजवळचे भाईर ऱ्हातील." तिनं चष्मा वर सारला. "बघू की मग, किती दिवसात मेमरी घेतेत ते."

वाटपाच्या दिवशी माणूस मावत नव्हता. सचिवांनी यादी हातात घेतली, पहिलं नाव बघितलं, कागद उलटा धरलाय का ते बघितलं, आणि शेवटी पुकारलं. सोजरबाई उठलीच नाही. ती भिंतीच्या सावलीला, गोणपाट अंथरून निवांत बसली होती. आपलं नाव यायला अजून लई वेळ हाय, हे तिच्या हाडात बसलेलं. दुसऱ्यांदा पुकारलं. आजूबाजूच्या बायाही ढिम्म. शेवटी कॉम्प्युटरच्या खोलीच्या दारातून अक्का ओरडली, "आत्या! तुमचंच नाव हाय! उठा!" आत्या उठली, पदर सावरला आणि गर्दी दोन बाजूंना झाली त्यातून चालत गेली. कडब्याच्या पेंढ्यांवर हात ठेवून ती क्षणभर उभीच राहिली. मी मोर्चे काढलेत, घोषणा दिल्यात, तालुक्याच्या कचेरीला कुलूप ठोकलंय. त्या चालण्याइतकं मोठं काही बघितलेलं नाही. अध्यक्षांचा भाऊ त्या दिवशी दुपार कलेपर्यंत उन्हात उभा होता. चारा त्यालाही मिळाला, पुरा मिळाला. कुणाचंही नाव राहिलं नाही. त्याला राग आला तो उन्हाचा नव्हता.

डेपो चालू होता तोवर तिला कुणी हात लावला नाही, कारण यादी लागायची. डेपो बंद झाला त्या सोमवारचं मी सुरुवातीलाच सांगितलं. पुढं तिच्या जागी अध्यक्षांच्या नात्यातला एक मुलगा बसला. काही महिन्यांत मशीन सुरू करताना थांबायला लागलं, पडद्यावर चूक दाखवायला लागलं. मी फॅटच्या टेबलाशी जाऊन तिला सांगितलं. ॲसिडची बाटली हातात धरूनच ती म्हणाली, "नववी वरडायली. आठातली एखादी गेली असंल. मला आत सोडा म्हणावं, चहा गार व्हायच्या आत बदलते." सोडलं नाही. संचालक मंडळानं ठरवलं की मशीन बाईनं उघडल्यामुळंच बिघडलं, आणि खोलीला कुलूप लावलं. इतरांना नावं ठेवणारी, सगळ्यांना हसवणारी अक्का त्या दिवशी घरी जाताना माझ्या हातात सिगारेटच्या पाकिटातल्या चांदीच्या कागदाची पुडी देऊन गेली. आत दहावी चिप. "तू ठेव. तिथं लागंल," एवढंच म्हणाली.

तिच्या शोकसभेला मी गेलो होतो. अध्यक्ष बोलले, 'संघाच्या निष्ठावान सेविका.' सचिव बोलले. आत्या मागं, भिंतीशी बसली होती. तिला बोलायला कुणी सांगितलं नाही. तिच्या म्हशीला त्या साली झालेली रेडी आता दुधाला आलीय आणि ते दूध याच संघात येतं. अक्काचा फोटो ठेवायला टेबल रिकामं नव्हतं, म्हणून तो कॉम्प्युटरच्या खोलीच्या बंद दाराला टेकवून ठेवला होता. हार फोटोला, आणि हाराच्या वर बरोब्बर ते कुलूप. फोटोत तिनं आबोली माळलीय. मान अशी तिरकी, जणू ती कुलपाचा नंबर वाचतेय.

पुडी माझ्या घरात बाबासाहेबांच्या तसबिरीखालच्या फळीवर आहे. मी ती उघडून बघत नाही, हात कोरडे असतात, ठिणगी उडायची. कधीतरी बाहेरूनच चाचपतो. पाय सरळ आहेत.

यंदाही पाऊस गेलेला आहे. डेपो पुन्हा सुरू होणार आणि त्याची यादी संघात हातानं लिहायला घेतलीय. मी डोकावून बघितलं : पहिलं नाव वेशीजवळचं. संघाची सर्वसाधारण सभा तोंडावर आलीय. तुम्ही, हे वाचणारे, तुमच्यातले कितीतरी संघाचे सभासद आहात. सभेच्या शेवटी अध्यक्ष विचारतील, 'आणखी कुणाला काही बोलायचंय का?' तेव्हा आपण सगळे चहाच्या किटलीकडं बघतो. या खेपेला बघू नका. खोलीचं कुलूप काढा म्हणा, चिप मी घेऊन येतो. यादी खालून लिहा म्हणा. महादेवी बिराजदार यांना त्या खोलीतून का काढलं, ते सगळ्यांसमोर सांगा म्हणा. तुमचं नाव कुणी पुकारायची वाट बघू नका.

उठा.